कोल्डरूमचं दार उघडं होतं

नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये (द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात ती जागा) मी वाय-फायसाठी जागा बघायला गेलो तेव्हा ऑगस्ट चालू होता. बाहेर पाऊस, आत शुकशुकाट. पॅकिंगची टेबलं एका कोपऱ्यात रचलेली, क्रेटच्या थप्प्या ताडपत्रीखाली, आणि कोल्डरूमचं सरकतं दार सताड उघडं. मशीन बंद होतं, आत कुबट वास धरू नये म्हणून वारं खेळतं ठेवलं होतं. दारासमोर चाचणीपुरता एक अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय हवेत सोडणारी थाळी) ठेवून मी हॉलभर फिरलो, कोल्डरूममध्ये शिरून पार मागच्या भिंतीपर्यंत गेलो. तिथे सिग्नल आला उणे ६१. झकास! हॉलमध्ये बरोब्बर दारासमोर एक अ‍ॅक्सेस पॉइंट टांगला की कोल्डरूमचंही त्यातच भागतंय, असा हिशेब करून मी मालकांचे पैसे वाचवले, चहा घेतला आणि परत आलो.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. कंटेनर दारात उभा, आणि आत पॅलेटवरचे बारकोड वाचणारे स्कॅनर नुसते गरगरत बसलेले. गेलो. दार बंद होतं. आत शून्य-एक अंश तापमान, छताला टेकतील अशा द्राक्षांच्या पेट्या, मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. त्याच मागच्या भिंतीशी आकडा होता उणे ८७.

कोल्डरूमच्या भिंती पफ पॅनेलच्या असतात. मधे फोम, दोन्ही अंगांना पत्रा. फोम बिचारा निरुपद्रवी, रेडिओ लहरींना अडवतो तो पत्रा. दारही तसंच. म्हणजे दार लावलं की अख्खी खोली पत्र्याचा डबा होते. शिवाय द्राक्ष म्हणजे सालीत भरलेलं पाणीच, वजनाच्या साधारण ८० टक्के, आणि पाणी या लहरी शोषतं. ऑगस्टमध्ये मी उघडा, रिकामा डबा मोजला होता. मोजमापात काही चूक नव्हती. हंगामात हे दार किती वेळ उघडं असतं, एवढं एक विचारायचं राहून गेलं होतं.

घरात एक राउटर लावायचा असेल तर हा खटाटोप कोणी करत नाही, करूही नये. पण लॉज, दवाखाना, शाळा, गोडाऊन, सातपूर-अंबडचा एखादा कारखाना, जिथे पाच-दहा अ‍ॅक्सेस पॉइंट लागणार, तिथे आधी जागेवर जाऊन पाहणी करावी लागते. (अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे छतावर दिसणारी ती पांढरी थाळी. राउटरकडून केबलने आलेलं नेट ती हवेत सोडते आणि आपल्या फोनचं ऐकून परत केबलवर घालते.) २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत, त्यामुळे पंचवटीतल्या लॉजवाल्यांचे फोन मला आत्तापासून येताहेत. सगळ्यांचं एकच वाक्य: "भाऊ, एकदा येऊन बघून जा ना, किती बसवायचे ते सांगा." येऊन बघायला हरकत नाही. पण तयारी न करता बघायला गेलं की माणूस भिंती बघून येतो, आणि त्या भिंतींच्या आत काय चालतं ते तिथेच राहतं.

आधी तो उणे आकडा

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि वाय-फायमध्ये ती जवळजवळ नेहमी उणे येते. उणे ५० हे उणे ७० पेक्षा चांगलं. इथे बऱ्याच जणांची पहिली गल्लत होते, कारण ७० मोठा दिसतो. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. उणे ६७ म्हणजे एका वॉटचा अब्जावा भाग, आणि त्याचाही पाचवा हिस्सा. एवढ्याशा कणावर तुमचा व्हिडिओ कॉल चालतो, हे मला अजूनही थोडं अद्भुत वाटतं. फोनवरचं बोलणं न तुटता चालायला हवं असेल तर साधारण उणे ६७ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, असा या धंद्यातला रिवाज आहे. नुसते मेसेज जायचे असतील तर उणे ७५ लाही चालून जातं.

डेसिबलचं गणित रुपयात केलं तर चटकन कळतं. ३ डेसिबल गेले म्हणजे रुपयाचे पन्नास पैसे राहिले. १० गेले म्हणजे दहा पैसे. २० गेले म्हणजे एक पैसा. म्हणून १० डेसिबल खाणाऱ्या दोन भिंती मधे आल्या की 'दुप्पट नुकसान' म्हणून भागत नाही, रुपयाचा पैसा होतो. माझ्या कोल्डरूममध्ये ६१ वरून ८७ म्हणजे २६ डेसिबल गेले होते. रुपयाचा पाव पैसाच हातात राहिला.

अंतराचंही असंच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथाई उरतो, दहापट झालं की शंभरावा. तरीसुद्धा आपल्याकडच्या इमारतींत खरा खाऊ अंतर नसून भिंत असते. मोकळ्या हॉलमध्ये एक थाळी जेवढं सांभाळते, तेवढ्यासाठी जुन्या दगडी वाड्यात तीन लागू शकतात.

मग थाळीचा आवाज वाढवला तर? हा प्रश्न हमखास येतो. देवळाचा भोंगा नदीपल्याड ऐकू येतो, पण तुम्ही पल्याडून ओरडून उत्तर दिलं तर पुजारीबुवांना ऐकू येईल का? फोनची ताकद थाळीपेक्षा कमी असते. थाळीची ताकद पूर्ण चढवली की फोनवर सिग्नलचे सगळे दांडे दिसतात आणि पान काही उघडत नाही. अशा तक्रारी घेऊन लोक येतात तेव्हा मी सगळ्यात आधी ताकद कमी करून बघतो.

निघण्याआधी

पाहणीचं निम्मं काम फोनवर होतं. "किती बसवायचे" याच्या आधी "कशासाठी" हे विचारावं लागतं. पंचवटीतल्या एका वाड्याचं उदाहरण घेतो, हल्लीच बघितलेलं. चौकाभोवती दोन मजले, १४ खोल्या, भाविकांसाठी लॉज करायचं चाललंय. एरवी खोलीत दोन माणसं. सिंहस्थात पाच, कधी सहा. म्हणजे ७० ते ८० माणसं, प्रत्येकाचा फोन, कोणाचा टॅब, वर टीव्ही आणि कॅमेरे. शंभरावर उपकरणं झाली. आणि पर्वणीच्या दिवशी बाहेर एवढी गर्दी की मोबाइलचं नेटवर्क दमतं. म्हणजे एरवी जो आपला डेटा वापरतो तोही त्या दिवशी लॉजच्या वाय-फायवर येणार. आखणी करायची ती त्या दिवसाची. निदान मालकांना सांगायचं तरी, की साध्या दिवसाला एवढं लागेल आणि त्या दिवसाला एवढं. मधला निर्णय तुमचा.

गर्दीचा मुद्दा इथेच उलगडून सांगतो, कारण लोक सिग्नल आणि गर्दी एकच समजतात. एका थाळीवर, एका चॅनलवर (म्हणजे लहरींच्या एका पट्टीवर) एका वेळी साधारण एकच जण बोलू शकतो. जुन्या सीबीएस स्टँडवर चौकशीची एकच खिडकी असावी तसं. रांगेतला एखादा माणूस सुट्टे पैसे शोधत दहा मिनिटं घेतो आणि मागचे सगळे ताटकळतात. वाय-फायमध्ये हा माणूस म्हणजे लांबच्या खोलीतला, कमी सिग्नलवर रखडत बोलणारा फोन. त्याच्यामुळे खिडकीजवळच्यांनाही उशीर होतो. म्हणून सिग्नल सगळीकडे पोचवणं हे एक काम, आणि खिडक्या पुरेशा ठेवणं हे दुसरं.

पुढचा प्रश्न: तुमच्याकडचं सगळ्यात जुनं, सगळ्यात रडकं उपकरण कोणतं? मालकांचा नवा फोन कुठेही चालेल. आखणी ठरते ती पाच वर्षं जुन्या स्कॅनरवर, स्वस्तातल्या कॅमेऱ्यावर, बिलाच्या प्रिंटरवर. वाय-फायचे मुख्य बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, दोन: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. यातली बरीचशी उपकरणं फक्त २.४ वर बोलतात. त्यांना पाचचा बँड दिसतच नाही. मागच्या स्टिकरचा फोटो काढून पाठवा म्हणायचं, मॉडेल नंबरावरून पुढचं आपण बघतो.

आणि "नेट स्लो आहे" असं कोणी म्हणालं तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावून वेग बघायला सांगायचं. तिथेच स्लो असेल तर कंपनीच्या लाइनचा दोष आहे आणि छतावर दहा थाळ्या टांगून काही होणार नाही. या एका चाचणीने माझ्या दोन-तीन फेऱ्या तरी वाचल्यात.

मग नकाशा मागायचा. इथे गंमत असते. पहिल्यांदा येतो तो महापालिकेने मंजूर केलेला नकाशा, ज्यात सध्याच्या ऑफिसच्या जागी पार्किंग असतं. दुसऱ्यांदा आर्किटेक्टची पीडीएफ येते, ती बांधकामाआधीची. खरा नकाशा बहुतेक वेळा इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात असतो. तरी जो मिळेल तो घ्यावा, कॉम्प्युटरवर टाकावा आणि त्याचं माप जुळवून घ्यावं. वाय-फाय आखायच्या सॉफ्टवेअरला नकाशावरच्या दोन बिंदूंमधलं खरं अंतर सांगावं लागतं. ते दाराच्या रुंदीवरून सांगायचा मोह होतो, टाळा. दारात चार इंच चुकलात तर साठ मीटरच्या शेडमध्ये कित्येक मीटरची गफलत होते. लांबात लांब भिंत धरा आणि जागेवर गेल्यावर लेझर मीटरने ती पुन्हा मोजा.

नकाशा बसला की घरबसल्या अंदाजी आराखडा करायचा. भिंती काढायच्या, प्रत्येकीला डेसिबलचा अंदाज द्यायचा, थाळ्या ठेवून बघायच्या. जिप्समचं पार्टिशन ३, चार इंची विटेची भिंत ५ ते ७, काँक्रीट १२-१५ किंवा जास्त, लिफ्टची विहीर म्हणजे पलीकडे काहीच नाही असं धरायचं. हे आकडे अंदाजच आहेत. त्यांचा उपयोग असा की करताना कुठे हात अडखळतो ते कळतं. ही भिंत विटेची की दगडाची? हे छत पीओपीचं की पत्र्याचं? या रॅकमध्ये माल काय असतो? अडखळलेल्या प्रत्येक जागी मी नकाशावर लाल टिंब देतो. पाहणीला जातो तो ती लाल टिंबं पुसायला. टिंब एकही नसेल तर जायची गरज नाही, आणि चाळीस असतील तर फोनवर पुरेसं बोलणं झालेलं नाही.

पिशवीत काय घ्यायचं हे थोडक्यात. लेझर मीटर, एक अ‍ॅक्सेस पॉइंट, त्याला वीज देणारी बॅटरी, उंच होणारा ट्रायपॉड, मोजायचं एकच उपकरण (फोन बदलला की आकडा बदलतो, दोन फोन शेजारी धरून बघा), टॉर्च, खडू, नकाशाच्या दोन प्रिंट. शिडी तिथे मिळेल का ते आदल्या दिवशी विचारावं. पॅकहाऊस किंवा कारखाना असेल तर टोपी, बूट आणि गेटवर नाव देऊन ठेवायची विनंती. नाहीतर पहिला तास वॉचमनच्या खुर्चीशेजारी जातो.

वाड्याची भिंत

पंचवटीच्या त्या वाड्यात माझं सगळ्यात मोठं लाल टिंब माजघर आणि मागच्या खोल्यांमधल्या भिंतीवर होतं. नकाशात ती इतर भिंतींसारखीच दोन रेघांची. प्रत्यक्षात दाराच्या चौकटीत हात घातला तर कोपर आत गेलं. काळा दगड, चुना, वरून कोणीतरी अलीकडे मारलेला गुलाबी ऑइलपेंट. लेझरने मोजली, ६२ सेंटिमीटर.

अशा भिंतीची परीक्षा घ्यायची रीत सोपी आहे. ट्रायपॉडवर थाळी चढवायची आणि भिंतीपासून चार-पाच मीटर दूर ठेवायची. अगदी चिकटवली तर भिंतीच्या दोन बाजूंच्या अंतरातला फरकच आकड्यात मिसळतो आणि भिंतीच्या नावावर नको ते खपतं. मग भिंतीच्या अलीकडे उभं राहून आकडा घ्यायचा, पलीकडे जाऊन घ्यायचा, वजाबाकी करायची. एकदाच घेऊन पुरत नाही. आकडा सारखा नाचत असतो, म्हणून दोन्हीकडे पाऊलभर इकडेतिकडे सरकत पाच-सहा वेळा घ्यायचा आणि मधला धरायचा. पलीकडे जाताना दार लावून घ्यायचं. (हे मी आता विसरत नाही.) आणि दोन्ही बँडवर वेगवेगळं मोजायचं.

इथे २.४ वर अलीकडे उणे ४४, पलीकडे उणे ५८, १४ गेले. ५ गिगाहर्ट्झवर उणे ४९ चे झाले उणे ७२. तेवीस! वेगवान म्हणून ज्या बँडवर भरवसा ठेवायचा त्याचा रुपयाचा अर्धा पैसा करून टाकणारी भिंत. घरी केलेल्या अंदाजात मी तिला १२ दिले होते.

शेजारी उभे असलेले मालक, साठीचे, सगळं बघत होते. "आजोबांनी बांधली," म्हणाले. "उन्हाळ्यात आत पंखा लागत नाही." मी म्हटलं, "काका, वाय-फायही लागणार नाही." हसले. पण यानंतर मागच्या चार खोल्यांना वेगळी थाळी का लागते हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. फोनच्या पडद्यावर त्यांनी स्वतः तो आकडा पडताना बघितला होता. पाहणीला मालकांना सोबत घ्यायचं ते यासाठीही.

प्रत्येक भिंत अशी तपासायची नसते. एका जातीची एक भिंत मोजली की तिच्या बहिणींना तोच आकडा. वाड्यात तीनच जाती निघाल्या: दगडी, नंतर घातलेली विटेची, आणि न्हाणीघरांसाठी नुकतीच उभी केलेली सिमेंट शीटची. तीन मोजमापं, पाऊण तास. वरच्या मजल्याचा तक्तपोशीचा लाकडी पाटण मात्र चौथा म्हणून मोजला, आणि तो फक्त ५ घेत होता. म्हणजे खालच्या चौकातली थाळी वरच्या खोल्यांतही बोलणार. हे कधी फायद्याचं असतं, कधी डोकेदुखी, कारण वरच्या आणि खालच्या थाळीला एकच चॅनल दिला तर दोघी एकमेकींच्या मधे बोलतील.

चॅनलचं म्हणाल तर २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. वाड्याच्या चौकात उभं राहून शेजाऱ्यांचं ऐकलं तर २४ नेटवर्कं दिसली, कोणी ३ वर, कोणी ९ वर, म्हणजे सगळ्यांच्याच अंगावर. तिथे २.४ वर फक्त कॅमेरे-प्रिंटर ठेवायचे आणि माणसांना ५ वर न्यायचं, एवढं ठरवून मी पुढे गेलो. ५ मध्ये चॅनल भरपूर आहेत, पण त्यातले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ रडारसोबत वाटून घेतलेले. रडारची चाहूल लागली तर थाळीने तो चॅनल सोडायचा असतो, मग फोन क्षणभर तुटतात. ओझरला विमानतळ, देवळालीला तोफखान्याचं स्कूल. आपल्या जागी याचा त्रास होईल की नाही हे कोणी सांगत नसतं. एक थाळी दोन दिवस त्या चॅनलवर चालू ठेवून तिचा लॉग, म्हणजे तिने ठेवलेल्या नोंदी, वाचल्या की कळतं. मालक तेवढे दिवस देत असतील तर जरूर करावं.

वर बघा

नवखा माणूस सिग्नल मोजत फिरतो आणि केबल विसरतो. थाळीपर्यंत केबल जायलाच हवी, आणि ती स्विचपासून (राउटरचं नेट अनेक केबलींत वाटणारा डबा) १०० मीटरच्या आत. हे १०० मीटर कावळ्याच्या वाटेने मोजायचे नसतात. केबल भिंतीवर चढते, तुळईला वळसा घालते, खाली रॅकमध्ये उतरते. नकाशावर ६५ दिसणारं अंतर जागेवर ९० होतं.

म्हणून मान वर करून चालायचं. पीओपीचं छत असेल तर तपासणीचं झाकण कुठे आहे, वर जायला जागा आहे का, एसीचा डक्ट कुठून गेलाय. थाळी पीओपीच्या वर लपवायला मालक सांगतात, दिसायला बरं म्हणून. मी नाही म्हणतो. वर डक्टचे पत्रे आणि पाइप असतात, लहरींचा अर्धा वेळ त्यांच्याशी टकरा घेण्यात जातो. वाड्यात पीओपी नव्हतं, सागवानी तुळया होत्या आणि त्यांना भोक पाडू द्यायला काका तयार नव्हते. बरोबरच होतं त्यांचं. कोपऱ्यातून पट्टी घालून केबल न्यायची ठरलं आणि त्यासाठी दोन थाळ्यांच्या जागा मीटर-दीड मीटर सरकल्या. ही गोष्ट घरी बसून कळली नसती.

वीजही केबलमधूनच जाते, पीओई म्हणतात तिला. बाजारात सर्रास मिळणाऱ्या आठ पोर्टच्या स्विचवर 'प्रत्येक पोर्टला ३० वॉट' लिहिलेलं असतं आणि सगळ्या पोर्टची मिळून मर्यादा असते १२० वॉट. म्हणजे भुकेल्या चारच थाळ्या. स्विच घेताना ती बारीक अक्षरातली ओळ वाचा. स्विच ठेवणार त्या जागी इन्व्हर्टरचा पॉइंट आहे का, अर्थिंग आहे का, उन्हात पत्र्याखाली ती खोली किती तापते, तेही त्याच फेरीत. दोन इमारतींमधून उघड्यावरून केबल जाणार असेल तर फायबर. मे महिन्यातल्या एका वळिवाच्या विजेत दोन्हीकडचे स्विच गेलेले मी पाहिलेत.

कोल्डरूममध्ये आणखी एक अडचण. केबलसाठी पॅनेलला भोक पाडायचं ते कुठे आणि बुजवायचं कशाने, हे मशीन बसवणाऱ्याला विचारल्याशिवाय ड्रिल उचलू नये. फट राहिली तर तिथे बाहेरची दमट हवा शिरते, दव धरतं, बर्फ साठतो, आणि सगळ्यांचं बोट वाय-फायवाल्याकडे. आत लावायची थाळीही थंडी-दमटपणा सोसणारी हवी. ऑफिसात लावायच्या बऱ्याच थाळ्यांची खालची हद्द शून्य अंश असते.

आणि माणसांशी बोला. मालकांना वाय-फाय कुठे हवं ते ठाऊक असतं, कुठे मिळत नाही ते कामगारांना. त्या पॅकहाऊसमध्ये फेब्रुवारीत परत गेलो तेव्हा पनेट (द्राक्षांच्या छोट्या डब्या) भरणाऱ्या एका ताईंनी हात न थांबवता सांगितलं, "त्या तिसऱ्या टेबलापाशी लागतं, पण गाडी आली की जातं." गाडी म्हणजे कंटेनर. मागच्या धक्क्याला तो लागला की त्याची पत्र्याची पाठ लहरी भलतीकडेच उडवत होती. ऑगस्टमध्ये ना त्या ताई होत्या, ना टेबल, ना गाडी. माझ्या नकाशावर तिथे टिंबही नव्हतं.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी लिहून काढायचं. फोटोंना नकाशावरचे नंबर द्यायचे. दुसऱ्या दिवशी कुठली भिंत कुठली ते आठवत नाही, आठवल्यासारखं वाटतं तेवढंच. आणि थाळ्या बसवून झाल्यावर पुन्हा मोजायला यायची तारीख पहिल्याच भेटीत ठरवून घ्यायची. लॉजला गर्दीचा दिवस, पॅकहाऊसला भर हंगाम. तिथे आता कोल्डरूमच्या आत स्वतंत्र थाळी आहे, वाटेच्या रेषेत. भाव कमी केला आणि केबलचे पैसे मी घेतले नाहीत.

गेल्या ऑगस्टमध्ये निफाडकडच्या दुसऱ्या एका पॅकहाऊसमध्ये गेलो. पाऊस, शुकशुकाट, ताडपत्रीखाली क्रेट. कोल्डरूमचं दार सताड उघडं. ट्रायपॉड हॉलमध्ये लावला, आत गेलो, मागच्या भिंतीशी आकडा घेतला: उणे ५८. मग परत येऊन दाराच्या आतल्या बाजूची सुटकेची कळ दोनदा ओढून बघितली, चालत होती.

"मामा," मी वॉचमनना म्हटलं, "मी आत थांबतो, तुम्ही दार लावा."

"लाइट नाही आत," मामा म्हणाले. मशीनसकट सगळं बंद होतं.

"टॉर्च आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा ट्रायपॉडकडे बघितलं, आणि दार ओढलं. रबर चिकटल्याचा आवाज झाला. पडद्यावरचा आकडा दोन-तीनदा लटपटला आणि उणे ८३ वर थांबला. टॉर्च दातात धरून मी तो नकाशावर लिहून घेतला.